पैसे नक्की मिळाले

संध्या उबाळे मुरबाडच्या किशोर डॉक्टरांच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी कामावर हजर झाली, तेव्हा तिला आत पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागली. दार सताड उघडं होतं. डॉक्टरांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. पण दार आणि डॉक्टर यांच्या मधे पैशाची खिडकी होती, आणि खिडकीत नथूकाका होते.

नथूकाकांनी तिचं आधार कार्ड घेतलं. उजेडाकडे धरलं. उलटं केलं, सुलटं केलं, नखानं कोपरा खरवडला, वास घेतला. मग कार्डावरचा फोटो आणि काचेपलीकडची संध्या यांच्याकडे ते आळीपाळीनं इतका वेळ बघत बसले, की रांगेत मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याचा खोकला औषधावाचून बरा झाला आणि तो घरी निघून गेला. त्याच्या मागे तापानं फणफणलेलं एक पोर होतं. तेही तेवढ्या वेळात दोन बोटं उंच झालं असं नर्स सांगत असे.

"फोटोतली बाई रडकी दिसते," काका म्हणाले.

"आधारच्या फोटोत सगळेच रडके येतात, काका."

"मी नाय आलो."

हे मात्र खरं होतं. आपल्या कार्डावरच्या फोटोत नथूकाका रडत नव्हते. फोटो काढणारा मशीन घेऊन पळून जाईल की काय, अशा नजरेनं ते त्याच्याकडे बघत होते.

"नाव?"

"संध्या."

"परत सांग."

"संध्या."

"दोन्ही वेळा तेच सांगितलं," असं म्हणून काकांनी ते वहीत लिहून घेतलं. मग रेशन कार्ड झालं, सासरच्या घराचं वीजबिल झालं, तीन वेळा सही झाली. ती कुठल्या रस्त्यानं चालत आली, किती मिनिटं लागली, वाटेत कोण भेटलं, हेही झालं. शेवटी काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ठेवणीतला प्रश्न काढला.

"तुमच्या माहेरच्या गावात बुद्धविहारासमोर झाड कसलं?"

"पिंपळ."

"पिंपळ सगळ्याच विहारांसमोर असतोय. ते कुणी बी सांगंल. डाव्या हाताला का उजव्या?"

"आत जाताना डाव्या, बाहेर येताना उजव्या."

काका हसले. मग एवढं चोख उत्तर हिच्याकडे तयार कसं, असा विचार मनात येऊन त्यांनी ते हसू लगेच आवरतं घेतलं. पण खिडकीशेजारच्या आतल्या दाराची कडी काढली.

संध्याला ही नोकरी टिकवायची होती. याआधी चार वर्षं ती शहापूरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बिलाच्या खिडकीवर होती. मुरबाडहून शहापूरला जायचं म्हणजे सकाळी अंधारात घर सोडायचं, दोन गाड्या बदलायच्या, आणि परत यायचं तेव्हा तीन वर्षांची लेक झोपलेली असायची. लेक जागी बघायची असेल तर रविवारची वाट बघावी लागे. एका रविवारी लेकीनं तिला पाहुणी समजून पाणी आणून दिलं, आणि त्या दिवसापासून संध्या मुरबाडात नोकरी शोधायला लागली. किशोर डॉक्टरांचा दवाखाना घरापासून चालत सात मिनिटांवर होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिने काम बघतो, मग कायम करतो. आता हे तीन महिने नथूकाकांच्या शेजारी काढायचे होते.

नथूकाकांचं वय अठ्ठावन्न. त्यातली सव्वीस वर्षं या खिडकीत गेली होती. लोक सांगत, तरुणपणी नथू फार भोळा होता. मग एका वर्षी त्यानं म्हशाच्या जत्रेत आपला बैल विकला. घेणारा गोड बोलत होता, त्यानं चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि नोटांचं बंडल हातात ठेवलं. घरी येऊन मोजलं तर वरची नोट खरी, खालची खरी, आणि मधल्या नोटा लहान पोरांच्या खेळातल्या. त्या दिवशी बैलाबरोबर नथूचा माणसांवरचा विश्वासही गेला. बैल नंतर एकदा दुसऱ्या गावात दिसला म्हणे. विश्वास काही कुणाला दिसला नाही.

दवाखान्यात पैसे घ्यायची काकांची पद्धत ठरलेली होती. त्यांच्याकडे दोन शिक्के असत. पहिला दवाखान्याचा: 'पैसे मिळाले'. दुसरा त्यांनी एसटी स्टँडजवळच्या शिक्केवाल्याकडून स्वतःच्या खिशातून करून घेतला होता: 'पैसे नक्की मिळाले'. नोटा मोजल्या की पावतीवर पहिला शिक्का पडे. मग नोटा परत मोजायच्या, एकेक उजेडाकडे धरायची, पेशंटकडे रोखून बघत "तूच दिलेस ना?" असं विचारायचं, पेशंटचं नाव पावतीमागे स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि मग दुसरा शिक्का. दोन शिक्के असल्याशिवाय औषधाच्या खिडकीवरून साधी गोळी मिळत नसे. दुसरा शिक्का जेवायला जातानाही खणात राहत नसे. तो सुतळीनं काकांच्या करगोट्याला बांधलेला असे.

दुपारी सव्वातीन वाजता रोकड बँकेत भरायची. चोराला संशय येऊ नये म्हणून काका ती जेवणाच्या डब्यातून नेत. ही युक्ती इतकी गुप्त होती, की बाजारपेठेतल्या दुकानदारांनी तिच्यासाठी हिशेबाची भाषाच बनवली होती. एक भाकरी म्हणजे दहा हजार.

"नथूकाका, आज किती भाकऱ्या?" शिंपी विचारी.

"दोन. आन् वर चटणी," काका खाली मान घालून पुटपुटत आणि भराभरा पुढे जात.

बँकेतला कॅशियरही डबा बघून म्हणे, "चला, जेवून घेऊ." बँकेनं मोजलेली रक्कम काका पुन्हा कॅशियरकडून मोजून घेत. एकदा बँकेच्या मोजणीत शंभर रुपये जास्त निघाले, तर काकांनी ते घ्यायला साफ नकार दिला. "आज शंभर देता, उद्या काय मागाल?" म्हणाले.

अशा माणसाच्या राज्यात संध्यानं स्कॅनर आणला. दोष तिचा नव्हता. सुट्ट्या पैशांवरून खिडकीत रोज भांडणं होत, म्हणून डॉक्टरांनी बँकेतून तो मागवला होता, आणि संध्याला घेतलंच होतं कॉम्प्युटर आणि मोबाईलचे पैसे सांभाळायला. बँकेचा माणूस आला, खिडकीबाहेर चौकोनी चित्र चिकटवलं आणि टेबलावर साबणाच्या वडीएवढा एक बोलका डबा ठेवून गेला. पहिल्याच पेशंटनं मोबाईल दाखवला आणि डब्यातून बाईचा आवाज आला: दोनशे रुपये प्राप्त झाले.

काका खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"कुठंयत?"

"बँकेत गेले, काका."

"इथून? मी जाऊ दिले?"

"सरळ त्याच्या खात्यातून आपल्या खात्यात. ही बाई सांगतेय ना."

"ही बाई बसते कुठं?"

"मुंबईत असेल कुठंतरी. आवाज भरून ठेवलाय, काका."

"म्हंजे तिनं माझे पैसे बघितलेच नाय. हितं बसून मी सव्वीस वर्षं नोट उजेडाला धरतो, आन् ही मुंबईतनं न बघता सांगते मिळाले!" काकांनी डबा उचलून कानाला लावला, हलवला, पालथा केला. "बोलली म्हंजे आले असं नसतं. बैल घेणारा बी लय गोड बोलला होता."

मग काकांनी मोबाईलच्या पैशांसाठीही नियम केला. बाईचा आवाज आला की पहिला शिक्का. नंतर खिडकीतल्या मोबाईलवर बँकेचा निरोप बघायचा, पैसे धाडणाऱ्याचं आणि पेशंटचं नाव वहीत उतरवायचं, आणि मग दुसरा शिक्का. यात पंधरा मिनिटं जात. एकाची टाके काढायची वेळ आली तरी टाके घातल्याचे पैसे नक्की मिळालेले नव्हते, असं कंपाऊंडर सांगे. कंपाऊंडर थोडं वाढवून सांगे, पण फार नाही.

तरी पहिले दोन महिने बरे गेले. संध्या लेक जागी असताना घरी पोचत होती. लेक तिला आता पाहुणी समजत नव्हती, उलट पाणी आणायला सांगत होती. तिसरा महिना सरता सरता बँकेतून खात्याचा उतारा आला. काकांनी एका हाताला तो ठेवला, दुसऱ्या हाताला संध्याच्या कॉम्प्युटरमधली पेशंटची यादी, मधे आपली वही, आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. संध्याकाळी चार वाजता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा चेहरा उजळला होता. सव्वीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते शेवटी आलं होतं.

"डॉक्टर," ते आत जाऊन म्हणाले, "भगीरथ मेंगाळ नावाचा इसम. वय चौतीस, पुरुष. एका महिन्यात आपल्याकडं एक्केचाळीस वेळा येऊन गेला."

"आजारी असेल," डॉक्टर म्हणाले.

"ऐका तर. तीन वेळा विंचू चावला. दोन वेळा कुत्रं. एकदा डोळा तपासला. सात तारखेला नऊ महिन्यांच्या पोराची गोवराची लस टोचून घेतली. दोनदा सोनोग्राफी. आन् सोळा तारखेला," काकांनी एक क्षण दम धरला, "बाळंत झाला. मुलगी. अडीच किलो."

डॉक्टरांनी कागद घेतला. किशोर डॉक्टर हातानं फार चांगले, पण कागदाला भिणारे. माणसाच्या पोटात काय आहे ते मला दाबून कळतं, कागदाच्या पोटातलं कळत नाही, असं ते नेहमी म्हणत. त्यांनी संध्याला बोलावलं.

संध्यानं यादी बघितली. चूक तिची होती. भगीरथ हा मोहवाडीचा जीपवाला. डोंगरातल्या त्या वाडीतून तो पेशंट घेऊन यायचा. मोबाईल नंबर विचारला की वाडीचा प्रत्येक माणूस भगीरथचा नंबर सांगायचा. तो नंबर टाकला की कॉम्प्युटर आपला आपण भगीरथचं नाव पुढे करायचा, आणि खिडकीवर गर्दी असली की संध्या 'होय' दाबून मोकळी व्हायची. पैसेही भगीरथच आपल्या मोबाईलवरून भरायचा.

हे सगळं तिनं डॉक्टरांना सांगितलं, आणि त्या एक्केचाळीस खेपांमागे एकोणतीस वेगवेगळी माणसं असल्याचंही.

"एकोणतीस माणसांचा एकच नंबर?" काका म्हणाले. "आन् पैसे देनारा बी एकच? सख्खा भाऊ भावाच्या तापाच्या गोळीला पैसे देत नाय, आन् हा जीपवाला अख्ख्या वाडीची बाळंतपणं करतो? डॉक्टर, पैसे गेले तर ती साधी चोरी. न मागता आले, तर त्याच्यामागं मोठी चोरी असते."

"पण काका, तुमच्या वहीत सगळ्यांची नावं आहेत की," संध्या म्हणाली.

"ती मी केसपेपरवरून उतरवतो. केसपेपर कोन भरतो? तूच."

डॉक्टरांनी घाम पुसला. "उद्या कुणी तपासणीला आला आणि विचारलं, हा पुरुष बाळंत कसा झाला, तर मी काय दाखवू? आणि तो जीपवाला गरिबांकडून हजार घेऊन इथं पाचशे भरत असेल तर? नाव माझ्या दवाखान्याचं जाईल." ते संध्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारपर्यंत ही एकोणतीस माणसं खरी आहेत आणि त्यांनी किती दिले, ते मला कळलं पाहिजे. नाहीतर स्कॅनर काढतो. मग तुमचंही काम उरणार नाही, संध्याताई."

त्या संध्याकाळी संध्याला प्रथमच सगळ्यांचा संशय आला. भगीरथ दुसऱ्यांचे पैसे का भरतो? आणि तो कधी बिल किती ते विचारायचा नाही. खिडकीवर वाकून एवढंच विचारायचा, "दोन्ही शिक्के पडले ना, ताई?" शिक्क्यांचं त्याला एवढं काय? मग तिला काकांचाही संशय आला. पगार एवढासा असताना कुणी स्वतःच्या पैशानं शिक्का करून घेतो का? रात्री नवऱ्यानं वाढताना विचारलं, "भाजी बरी झालीय ना?" तर ती म्हणाली, "का विचारतोस?" तेव्हा तिला कळलं की नथूकाका आता घरापर्यंत आले आहेत.

रविवारी सकाळी जीपच्या अड्ड्यावर काका तिची वाट बघत उभे होते. ओळख पटू नये म्हणून त्यांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फुकट मिळतो तो काळा चष्मा घातला होता. "तू साक्षीदार," ते कुजबुजले. "आन् आरोपी बी. पळू नको."

दोघं भगीरथच्या जीपमध्ये बसली. मागून कुणीतरी म्हणालं, "नथूकाका, आज रविवारचा डबा नाय?"

"मी काका नाय."

"बरं. मंग कोन तुमी?"

"पेशंट."

"काय होतंय?"

याची तयारी काकांनी केली नव्हती. "पोट," ते म्हणाले.

पुढून भगीरथनं आरशात बघितलं. "पोट घेऊन दवाखान्याच्या उलट्या बाजूला कुटं निगालाव, काका?"

जीप हसली. काकांनी मफलर नाकावर ओढला. वाटेत भगीरथनं डिझेल कुठं भरलं, पैसे कसे दिले, सुटे किती परत घेतले, ते हाताच्या तळव्यावर पेनानं लिहीत राहिले. डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसतीच लाल वाट उरली आणि मोहवाडी आली.

पहिलं घर चिमीचं. सोळा तारखेला बाळंत झालेली रुपाली ही तिची सून. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबानं चिमी ही भगीरथची सासू होती. ती अंगणात नाचणी पाखडत होती. काकांनी मफलर सोडला, चष्मा काढला, घसा साफ केला.

"मी नथू. दवाखान्यातला. चौकशीला आलोय. भगीरथला पैसे किती दिलेस?"

चिमीनं सूप खाली ठेवलं. काकांना वरून खाली न्याहाळलं, आणि नजर त्यांच्या पायांवर येऊन थांबली.

"तू नथू नाय," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"नथू मी पाह्यलाय. त्यो काचंत असतो. हितवर हाये." तिनं आपल्या छातीवर आडवा हात लावला. "त्येला पाय नायत."

"काचंच्या खाली असतात ना पाय!"

"तं आमी कदी नाय पाह्यले." शेजारच्या घरातून चार बाया आणि मंगळू नावाचा एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. चिमीनं त्यांना विचारलं, "तुमी पाह्यले का रे नथूचे पाय?" कुणीच पाहिले नव्हते. मंगळूला तर तीन वेळा विंचू चावला होता, म्हणजे तो तीन वेळा खिडकीवर जाऊन आला होता. त्यालाही आठवेना.

काकांचा चेहरा लाल झाला. सव्वीस वर्षांत त्यांच्यावर कुणी संशय घेतला नव्हता. ती बाजू कायम त्यांची. त्यांनी तावातावानं आधार कार्ड काढून चिमीच्या हातात दिलं. चिमीनं ते उजेडाकडे धरलं. उलटं केलं, सुलटं केलं. नखानं कोपरा खरवडला. फोटोकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

"फोटूतला चोर दिसतो," ती म्हणाली.

संध्यानं पदर तोंडावर धरला. तिला हसायचं नव्हतं. तिची नोकरी या बाईच्या उत्तरावर लटकली होती. पण पदराआड व्हायचं ते झालंच.

"वैनी," ती सावरून म्हणाली, "हे खरंच नथूकाका. मला ओळखता ना? मी त्यांच्या शेजारी बसते."

"तुला वळखते गो. पर तुजं काय, तू आज आलीस. नथूचा शिक्का असतोय. शिक्का दाव म्हनावं."

सगळी वाडी बघत असताना नथूकाकांनी अंगरखा वर केला, करगोट्याची सुतळी ओढली आणि शिक्का बाहेर काढला. खिशातून शाईची डबी निघाली. संध्यानं वहीचं पान पुढे केलं आणि काकांनी त्यावर शिक्का मारला. चिमी घरात गेली, आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढून घेऊन आली. पिशवीत पावत्या होत्या. सोळा तारखेची तिनं बरोबर बाहेर काढली, पानाशेजारी धरली आणि दोन्ही शिक्क्यांच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं रबराचा टवका उडालेला होता. दोन्हीकडे तेवढाच, तिथंच.

"ह्यो टवका हाये," ती म्हणाली. "नथू ह्योच. बस रे बाबा. पानी आना त्येला."

मग काकांना कळलं ते असं. वाडीत मोबाईलला रेंज एकाच जागी येते, भगीरथच्या ओट्यावर, तीही उखळावर चढलं तर. म्हणून नंबर सगळ्यांचा एकच. दवाखान्यात जायची वेळ सांगून येत नाही आणि बँक तर लांबच, म्हणून पैसे आधी भगीरथ भरतो. पण वाडी त्याच्या शब्दावर एक रुपया देत नाही. त्यानं पावती आणायची, तिच्यावर दोन शिक्के पाहिजेत, टवका पाहिजे. तेव्हा त्याचे पैसे मिळणार. बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. शिक्का येत होता.

"एकदा येकच शिक्क्याचा कागद आनला ह्यानं," मंगळू म्हणाला. "आमी सांगितलं, जा परत. लबाडी हाये."

"दुसरा मारायचा राहिला होता तुमचा, काका," भगीरथ जीपला टेकून म्हणाला. "जेवायला गेल्ते तुमी. गोळ्या घ्यायच्या नव्हत्या, म्हून मी बी निगालो. जायचा-यायचा साठ किलोमीटर फेरा पडला मला. त्याचं डिझेल कोन देनार?"

काकांनी बोटानं शिक्क्याचा टवका चाचपला. मग त्यांनी सोळा तारखेची पावती हातात घेतली. "बिल पाच हजार दोनशे. तू किती दिलेस?"

"पाच हजार दोनशे आन् वर धा."

"वर दहा!" काका उठून उभे राहिले. "सापडला! दहा कसले रे?"

भगीरथनं शर्टाच्या खिशातून चिठ्ठ्यांचा चुरगळा काढला. वाडीनं दिलेली रोकड खात्यात भरल्याशिवाय पुढच्या पेशंटला मोबाईलात पैसे कुठले? बाजारात पैसे भरून देणारा दर खेपेला दहा रुपये घेत होता आणि चिठ्ठी देत होता. काकांनी एकेक चिठ्ठी उजेडाकडे धरली. सगळ्या जुळल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला, की चिमीनं त्यांना गुळाचा खडा दिला.

तरीही काका एकोणतीस माणसं मोजल्याशिवाय हलले नाहीत. तिघं रानात गेली होती, त्यांच्यासाठी दुपार कलेपर्यंत थांबले. विंचवाच्या तिन्ही जागा पायावर दाखवायला लावल्या. कुत्र्यालाही बघून घेतलं. सगळ्यात शेवटी झोळीतलं बाळ. काका त्याच्यावर वाकले, बराच वेळ बघत राहिले. बाळानं डोळे उघडून त्यांच्याकडे कपाळाला आठी घालून बघितलं.

"ही शिकंल," काका म्हणाले.

परतीला भगीरथनं भाडं घ्यायला नकार दिला. "फुकट कशाला?" काकांनी लगेच विचारलं, आणि दोघांचं भाडं त्याच्या हातात कोंबलं. त्यानं खरंच खिशात घातलं का, ते बघायला आरशात डोकावत राहिले. अर्ध्या वाटेवर ते संध्याला हळूच म्हणाले, "पोरी, तो दिवस कुठला गं, एकच शिक्का मारला मी?"

"तिसऱ्या आठवड्यातला असेल."

"साठ किलोमीटर," काका म्हणाले. आणि तळव्यावरच्या डिझेलच्या हिशेबाखाली त्यांनी तो आकडा लिहून ठेवला.

सोमवारी त्यांनी डॉक्टरांपुढे कागद ठेवला. 'एकोणतीस इसम प्रत्यक्ष पाहिले. एक्केचाळीस पावत्या पाहिल्या. रक्कम बरोबर. जादा दहा रुपये, चिठ्ठ्यांसह. बाळ खरे आहे.' खाली दोन्ही शिक्के होते. डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि तीन दिवसांत प्रथमच पोटभर जेवले. संध्यानं भगीरथच्या नावातून एकोणतीस माणसं वेगळी काढून कॉम्प्युटरात ज्याच्या त्याच्या जागी बसवली. त्याला चार दिवस लागले. काका मागे उभे राहून नाव-नाव पडताळत होते. त्या आठवड्यात भगीरथ निरोगी झाला, आणि संध्या कायम झाली. जेवायला जाताना काका आता करगोट्याचा शिक्का सोडून तिच्या हातात देऊ लागले. जाताना एकदा मागे वळून बघत, पण देत.

मार्चअखेर नथूकाका निवृत्त झाले. डॉक्टरांनी त्यांना सव्वीस वर्षांच्या हिशेबाचा चेक दिला. डॉक्टरांची सही जुळत नाही म्हणून बँकेनं तो परत पाठवला. दुसरा चेक अकरा दिवसांनी वटला.